बोटभर उघडे दार

एका लहानशा दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकी आणि बेसिन यांच्या मधोमध जो पांढरा फ्रिज उभा आहे ना, तो जुना फ्रिज म्हणजे मी. माझ्या पोटात भाजी नसते, सरबत नसते, आइस्क्रीम तर मुळीच नसते. माझ्या पोटात लस असते. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. खोलीत कोणी आले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हा इथे कशाला आला? तुम्ही आत्ता हे वाचायला का बसलात, याचाही मला थोडा संशय आहेच.

पण यात माझा दोष नाही. मला घडवलेच तसे. कारखान्यात माझी जोडणी झाली तेव्हा एका चष्मेवाल्या कामगाराने माझ्या पोटात थर्मामीटर टांगला आणि आठ दिवस मला एका तापलेल्या खोलीत कोंडून ठेवले. दोन अंशांच्या खाली गेलो तर नापास, आठच्या वर गेलो तरी नापास. मी पास झालो तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "उन्हावर विश्वास ठेवू नकोस. विजेवर तर अजिबात नको." तेवढे एकच शिक्षण मला मिळाले. ते मी आजवर विसरलेलो नाही.

दवाखान्यात आलो तेव्हा माझा काय थाट होता! माझ्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर आला. माझ्या दारावर एक तक्ता लटकवला गेला. रोज सकाळी आणि संध्याकाळी सिस्टर माझे दार उघडून थर्मामीटर पाहायच्या आणि तक्त्यावर आकडा लिहायच्या. चार, पाच, चार, पाच. मित्रांनो, तुमच्यातल्या कित्येकांच्या आईवडिलांना लहानपणी टोचलेली लस माझ्याच पोटातून गेलेली असेल. ते रडले, मी मात्र थंडच राहिलो. एका वर्षी तर मला प्रशस्तिपत्रक मिळाले. 'उत्कृष्ट शीतसाठवण' असे छापलेला कागद माझ्या दारावर चिकटवला. नाव माझे नव्हते, डॉक्टरीणबाईंचे होते. पण चिकटवला माझ्या अंगावर, म्हणून मी तो माझाच समजतो.

मग दिवस फिरले. माझ्या दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात कडक झाले, मग त्याला भेग पडली. दार नुसते ढकलले तर खालच्या बाजूला बोटभर उघडे राहायचे. सिस्टरांनी यावर एक उपाय शोधला. दार लावायचे आणि खालच्या कोपऱ्यावर गुडघ्याने एक ढोसणी द्यायची. टप्प असा आवाज आला की दार लागले. तेव्हापासून माझे नाव 'म्हातारा' पडले. "म्हाताऱ्याला गुडघा दिला का?" असे संध्याकाळी निघताना सगळे एकमेकांना विचारायचे. नव्या रबरासाठी वरच्या कचेरीला तीन पत्रे गेली. उत्तर एकाचेही आले नाही.

माझ्या डोक्यावर एक छोटी घंटी होती. माझ्या पोटात आठ अंशांच्या वर गेले की ती ठणाणा करायची. दवाखान्यात एक फार्मासिस्ट होता, औषधे देणारा, तरुण आणि त्रासलेला. बाहेर बसलेले लोक त्याला दर दोन मिनिटांनी "किती वाजले?" असे विचारायचे. भिंतीवरचे घड्याळ बंद पडलेले. एक दिवस त्याने माझ्या घंटीतला सेल काढला आणि घड्याळात घातला. "उद्या नवीन आणतो," म्हणाला. त्याचा तो उद्या अजून यायचा आहे.

मग ती साथ आली. माझ्या खिडकीतून मागची गल्ली दिसते. समोरच्या शिंप्याच्या दुकानाचे शटर खाली आले ते कितीतरी दिवस वर गेलेच नाही. माणसे तोंडाला फडकी बांधून चालू लागली आणि समोरून कोणी आले की भिंतीला चिकटू लागली. कोणी खोकले की दहा माना वळायच्या. जो तो दुसऱ्याकडे संशयाने पाहू लागला. खरे सांगतो, मला पहिल्यांदाच वाटले की ही माणसे माझ्या जातीची आहेत.

वर्षभराने लस आली. ती आधी म्हाताऱ्या माणसांना द्यायची असे ठरले, कारण तो आजार म्हाताऱ्यांनाच जास्त छळत होता. ठरले खरे. पण ठरणे आणि होणे यांच्यात किती अंतर असते, ते मी माझ्या जागेवरून पाहिले. आधी ऐंशीच्या पुढचे येऊ देत, म्हणाले. मग मोबाइलवर संदेश आलेलेच येऊ देत, म्हणाले. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी काय करायचे, हे संदेशात लिहिलेले नव्हते. कधी गाडी आली नाही, कधी गाडी आली आणि सुया आल्या नाहीत. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दहाचा नियम. एका बाटलीत दहा जणांची लस असे. बाटलीच्या झाकणात एकदा सुई गेली की चार तासांत ती संपवायची, नाहीतर फेकायची. फेकली की वरून जाब विचारला जायचा. म्हणून आमच्याकडे रिवाजच पडला, दहा डोकी जमल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आठ म्हातारे काठ्या टेकत आले, दोन तास बसले आणि परत गेले, असे मी कितीदा पाहिले.

एका दुपारी तर गंमतच झाली. बाहेर सात म्हातारे दहाची वाट पाहत बसले होते. तेवढ्यात तीन दणकट तरुण आले, हातात वरच्या कचेरीची चिठ्ठी. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, ओठ आवळले आणि सिस्टरांना बाटली काढायला सांगितली. आता सात आणि तीन किती होतात? त्या तिघांमुळे त्या सातांनाही लस मिळाली. रागवायचे कोणावर तेच कळेना. पण मी मनात नोंद केली. कुठेतरी पाणी मुरते आहे.

तशीच नोंद करणारा आणखी एक जण बाहेर बाकावर होता. त्यांना सगळे चेकरकाका म्हणायचे. वय शहात्तर. बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून तीस वर्षे नोकरी झालेली. मधल्याच थांब्यावर गाडीत चढायचे आणि नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचे, कोणी तिकीट काढलेले नाही. आयुष्यात त्यांनी एकाच विनातिकीट प्रवाशाला सोडले होते, आणि पुढे तिच्याशीच लग्न केले. हे ते रांगेतल्या प्रत्येकाला सांगायचे. "पन्नास वर्षं झाली, अजून तिकीट दाखवलं नाही तिनं," असे म्हणून स्वतःच हसायचे.

ती विनातिकीट आजी आता अंथरुणाला खिळली होती. तिची छाती कमकुवत होती, चार पावले टाकली की दम लागायचा. घर दुसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांत ती खाली उतरलेली नव्हती. हा आजार तिला गाठण्याआधी तिला लस मिळायला हवी, एवढ्या एकाच कामासाठी चेकरकाका आमच्या पायऱ्या झिजवत होते.

"आमच्या हिला घरी येऊन लस द्या. तिला जिने उतरवत नाहीत," ते फार्मासिस्टला खिडकीतून म्हणाले.

"काका, घरी जायची परवानगी नाही. वरून पत्र आलेलं नाही."

"मग वर जाऊन पत्र आणा."

"वर म्हणजे नक्की कुठं, तेच आम्हाला माहीत नाही हो. दार कुठलं ते सांगून ठेवा, चिठ्ठीवर लिहून घेतो. आणि तुमची तरी घ्या ना आज. नऊ जण आहेत, तुम्ही दहावे."

"आधी तिची. मी आत जाऊन बसायचं आणि ती थांब्यावर उभी, असं चालायचं नाही."

तेव्हा त्या नऊ जणांनी चेकरकाकांना काय काय ऐकवले ते मी इथे सांगत नाही. मला मात्र हा माणूस आवडला. कोणाच्याही बोलण्यावर तो सहजासहजी विश्वास ठेवत नव्हता. "संपली" म्हटले की विचारायचा, किती होत्या? "उद्या या" म्हटले की विचारायचा, उद्या किती येणार? बाकाची जागाही त्याने हेरून निवडली होती. तिथून पुढचे दार दिसायचे आणि मागचेही.

आता सिस्टरांबद्दल सांगतो. त्या मला रोज गुडघा देतात, मी त्यांचे मीठ खाल्ले आहे असे म्हणायला हरकत नाही. पण माझा संशय मालक-चाकर पाहत नाही. रोज शेवटची बाटली उघडली की तिच्यात एकदोन जणांची लस उरायची. कोणाचा रक्तदाब वाढलेला, कोणी ऐन वेळी घाबरून पळालेले. नियमाप्रमाणे उरलेली फेकायची आणि वहीत 'वाया' या रकान्यात आकडा लिहायचा. सिस्टर मात्र ती बाटली एका छोट्या निळ्या पेटीत ठेवायच्या, भोवती बर्फाच्या चपट्या बाटल्या रचायच्या, वर नॅपकिन टाकायच्या आणि मागच्या दाराने निघून जायच्या. दुसऱ्या दिवशी पेटीतून रिकामी बाटली यायची आणि वहीत 'वाया: शून्य' असे लिहिले जायचे.

कोणाला देत होत्या त्या? कोणाची ओळख होती? मी रोज विचार करायचो. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय, असे माझ्या मनात यायचे. बाहेर बाकावर चेकरकाकांच्याही मनात तेच येत असावे. एकदा सिस्टर बाहेर पडल्यावर ते शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "पेटी बघितलीत? रिकामी पेटी कोणी अशी पोटाशी धरून नेत नाही." मी आतून मनोमन मान डोलावली.

एका शनिवारची गोष्ट. शनिवारी दवाखाना एकला बंद होतो. फार्मासिस्टने खिडकीतून सांगून टाकले, "आजची संपली, काका. सोमवारी बघू." तो आणि सिस्टर पुढचे शटर ओढायला गेले. मागचे दार उघडे होते, कारण सफाईवाल्या मावशी बादली रिकामी करायला गल्लीत गेल्या होत्या. तेवढ्यात चेकरकाका आत आले. चपला बाहेर काढून, पाय न वाजवता. ते सरळ माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी माझे दार उघडले.

मित्रांनो, मी काही लपवणार नाही. मला आनंद झाला. वाटले, इतक्या वर्षांत कोणीतरी खरी तपासणी करायला आले. त्यांनी बोट पुढे करून, बसमधली माणसे मोजावीत तशा बाटल्या मोजल्या. ओठ हलत होते. चौदा.

"चौदा!" ते पुटपुटले. "आणि म्हणे संपली."

त्या चौदा बाटल्या सोमवार-मंगळवारसाठी राखून ठेवलेल्या होत्या. एकशे चाळीस म्हाताऱ्यांना फोन करून बोलावले होते, दहा-दहाचे गट पाडून, म्हणजे कोणाला परत जावे लागू नये. आठवडाभर खपून सिस्टरांनी ती यादी जमवली होती, माझ्याच डोक्यावर कागद ठेवून. हे मला माहीत होते. चेकरकाकांना नव्हते. मला बोलता येत असते तर मी सांगितले असते का? आज म्हणतो, सांगितले असते. त्या दिवशी मी त्यांच्या बाजूचा होतो, त्यामुळे खात्री देत नाही.

बाहेर मावशींची बादली वाजली. चेकरकाकांनी माझे दार लावले. आदळले नाही, अर्धवटही सोडले नाही. सभ्य माणूस लावतो तसे, तळहाताने हळूच ढकलून लावले. गुडघ्याचे त्यांना कोण सांगणार? टप्प असा आवाज आला नाही. खालचा कोपरा बोटभर उघडा राहिला. मग शटर पडले, मागच्या दाराला कडी लागली आणि सगळे आपापल्या घरी गेले. माझे दार सकाळीच तपासले होते, म्हणून निघताना 'म्हाताऱ्याला गुडघा दिला का' असे त्या दिवशी कोणी विचारले नाही.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. माझा कंप्रेसर क्षणभरही थांबला नाही. त्या बोटभर फटीतून गरम हवा मुंग्यांसारखी रांग लावून आत येत होती. शनिवारी संध्याकाळी मी आठ ओलांडले. रात्रीपर्यंत अकरा. रविवारी दुपारी खिडकीतून ऊन थेट माझ्या अंगावर आले आणि थर्मामीटर सतरावर गेला. माझ्या डोक्यावरची घंटी रिकाम्या पोटाने गप्प होती. भिंतीवरचे घड्याळ मात्र वेळ अगदी बरोबर सांगत होते.

सोमवारी सिस्टर नेहमीपेक्षा लवकर आल्या. बाहेर साठेक म्हातारे आधीच जमलेले, कोणी मुलाच्या स्कूटरवरून, कोणी शेजाऱ्याच्या गाडीतून. सिस्टर हात धुऊन माझ्याकडे वळल्या आणि खालचा कोपरा पाहून जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी थर्मामीटर पाहिला. परत पाहिला. मग डॉक्टरीणबाईंना हाक मारली. चौदाच्या चौदा बाटल्या टाकाऊ औषधांच्या लाल पिशवीत गेल्या. इतका साठा माझ्या पोटातून कधीच वाया गेला नव्हता. माझ्या दारावर ते प्रशस्तिपत्रक तसेच होते, मला ते ओरबाडून काढावेसे वाटले.

डॉक्टरीणबाई पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "फ्रिज बिघडला. लस वापरता येणार नाही. नवीन साठा आला की फोन करू. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

गर्दीतून चेकरकाका पुढे आले. इतक्या दिवसांचा चोर हाती लागला, असा त्यांचा चेहरा होता.

"खोटं! साफ खोटं! शनिवारी चौदा बाटल्या होत्या आत. ह्या डोळ्यांनी मोजल्यात मी. कुठं गेल्या? कोणाला वाटल्या?"

सिस्टर आतून दारापर्यंत आल्या.

"तुम्ही कधी मोजल्या, काका?"

"शनिवारी. एक वाजता. तुम्ही शटर ओढत होतात तेव्हा."

"दार उघडलंत?"

"न उघडता कशा मोजणार?"

"आणि मग लावलंत कसं?"

"कसं म्हणजे? जसं लावतात तसं लावलं. नीट लावलं."

सिस्टरांनी चेकरकाकांना हाताने आत बोलावले, माझ्यासमोर उभे केले. माझे दार उघडले आणि तळहाताने हळूच ढकलले. खाली बोटभर फट राहिली. मग गुडघ्याने ढोसले. टप्प.

चेकरकाका त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. खाली वाकले आणि त्यांनी फटीच्या जागेवरून बोट फिरवले. "हे कोणी सांगितलं नाही मला," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "कोण सांगणार? मी विचारलं कुठं?"

तरी त्यांची एक शंका शिल्लक होती. ती त्यांनी हळू आवाजात विचारली. "मग ती रोजची पेटी? मागच्या दारानं?"

सिस्टरांनी खिशातून एक मळकी चिठ्ठी काढली. फार्मासिस्टच्या अक्षरातली यादी होती. "उरलेली लस फेकवत नाही हो, काका. अंथरुणावर पडलेल्यांना घरी जाऊन देते. परवानगी नाही, म्हणून बोभाटा करत नाही. अठरा जणांना दिली आतापर्यंत. एकच घर राहिलंय. तीनदा गेले तिथं. दुसरा मजला, डावीकडचं दार. आतले गृहस्थ दारच उघडत नाहीत. दाराच्या भिंगातून बघतात आणि म्हणतात, आम्हाला काही नको, पुढं व्हा."

बोलता बोलता त्या थांबल्या. तो आवाज त्यांना आत्ता ओळखू आला होता.

चेकरकाका भिंतीला टेकत खाली बसले आणि सांगू लागले. जिन्यात कोणी बाई, नखशिखांत प्लास्टिक घातलेली, नाव सांगत नाही, हळू आवाजात लस लस म्हणते, असे त्यांनी भिंगातून पाहिले होते. खोटी लस टोचणारे फिरतात असे त्यांच्या कानावर आले होते. तीस वर्षे माणसांचे चेहरे वाचलेला माणूस, पण या बाईचा चेहराच दिसत नव्हता. तिन्ही वेळा आतल्या खोलीतून आजी विचारायची, "कोण आहे हो?" आणि तिन्ही वेळा ते सांगायचे, "कोणी नाही, तू झोप."

वरून एरवी पत्र यायला महिने लागतात. हे मात्र दुसऱ्याच दिवशी आले. एवढी लस कोणामुळे वाया गेली, त्याचे नाव कळवा, असा जाब होता. सिस्टरांनी उत्तर लिहिले ते माझ्या डोक्यावर कागद ठेवून, म्हणून मी ते वाचले. 'दाराचे रबर जुने आहे. तीनदा कळवले होते. दार तपासून निघणे माझे काम होते.' एवढेच. चेकरकाकांचे नाव त्यात नव्हते. मला वाटले होते त्या खापर कोणाच्या तरी डोक्यावर फोडतील. माणसांच्या बाबतीत माझा अंदाज इतका चुकावा, याची त्या दिवशी मला लाज वाटली.

नवा साठा यायला सतरा दिवस लागले. सतरा दिवस माझे पोट रिकामे होते आणि गल्लीतून रुग्णवाहिकांचे आवाज येत होते. त्या एकशे चाळीस जणांतले दोघे नंतर कधी आलेच नाहीत. फार्मासिस्टने त्यांच्या घरी फोन केला, तेव्हा पलीकडून कोणीतरी हळू आवाजात काही सांगितले आणि त्याने यादीतल्या दोन नावांवर रेघ मारली.

सतराव्या दिवशी संध्याकाळी सिस्टरांनी निळी पेटी भरली. आज त्या नॅपकिन टाकायला विसरल्या. मी मनात म्हणालो, आता ते दुसऱ्या मजल्यावरचे दार उघडेल. तासाभरात त्या परत आल्या. पेटी घेऊन त्या त्याच दिवशी कधी परत येत नसत. त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली. तळाशी एका माणसापुरती लस तशीच होती.

"दार सताड उघडं होतं," त्या फार्मासिस्टला म्हणाल्या. "दारातच खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या म्हणाल्या, रोज संध्याकाळी असेच बसतात. मला बघून उठले, म्हणाले, या सिस्टर. मग म्हणाले, तिला सकाळीच मोठ्या दवाखान्यात नेलं. श्वास लागला होता. त्यांना तिथं आत जाऊ दिलं नाही."

चार तास होऊन गेल्यावर त्यांनी ती बाटली टाकून दिली. वही उघडली. त्या चौदा बाटल्या सोडल्या, तर 'वाया' या रकान्यात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी 'एक' लिहिले.

त्यानंतर सहाव्या दिवशी चेकरकाका आले. एकटेच. ते खिडकीशी गेले नाहीत, भांडले नाहीत. बाकावर नऊ जण होते, त्यांच्या शेजारी जाऊन दहावे बसले. सिस्टरांनी त्यांच्या दंडात सुई घातली तेव्हा म्हणाले, "शेवटपर्यंत तिकीट नाहीच दाखवलं तिनं." आणि मग मोठ्याने रडले. सिस्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. रांगेतल्या कोणीही लवकर करा म्हटले नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मी आता संशय घेणे सोडले असेन. नाही सोडले. त्या तिघा तरुणांची चिठ्ठी कोणी लिहिली, ते मला अजून कळलेले नाही, आणि तीन पत्रांना उत्तर का आले नाही तेही नाही. त्याचा संशय मी घेत राहणार. पण एक गोष्ट मी शिकलो. मी आणि चेकरकाका, दोघेही नुसते पाहत राहिलो. मला तोंड नव्हते. त्यांना होते. सिस्टर चार पावलांवर होत्या आणि एक साधा प्रश्न पुरला असता, पेटीत काय आहे? तेव्हा तुम्हाला शंका आली तर जरूर घ्या, पण ज्याच्याबद्दल शंका आली त्यालाच जाऊन विचारा. आणि तुमच्या घरातली, शाळेतली, दवाखान्यातली जुनी वस्तू कुरकुरत असेल तर तिच्या रबराकडे, तिच्या सेलकडे वेळेवर बघा. आम्ही उगाच कुरकुरत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही तसेच असते, असा माझा संशय आहे.

पुढे चेकरकाकांनी माझ्या रबरासाठी पत्रे लिहायला घेतली. अकरा पत्रे लिहिली. आठ वेळा ते स्वतः वरच्या कचेरीत जाऊन बसले आणि 'वर' म्हणजे नक्की कुठे, हे शेवटी त्यांनी शोधून काढले. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारी. चार महिन्यांनी नवे रबर आले. घंटीत नवा सेल पडला, तोही त्यांनीच आणला. आता माझे दार बोटाने ढकलले तरी लागते.

तरीही दर शनिवारी एक वाजता ते येतात. चपला बाहेर काढतात. सिस्टर शटर ओढायला जातात, तेव्हा ते माझ्यासमोर उभे राहतात. दार उघडत नाहीत. फक्त खालच्या कोपऱ्यावर गुडघा टेकवतात आणि वाकून कानाशी विचारावे तसे विचारतात, "लागलं ना रे?"

मला बोलता येत नाही. नाहीतर मी दर शनिवारी सांगितले असते, लागले, काका. आत सगळे थंड आहे. आता तुम्ही घरी जा.